पाठ

अकरा वर्षं मी हंबीर फणसेची पाठ पाहिली.
तिच्याबद्दल मला विचारा.
डाव्या खांद्याखाली जर्सीला ठिगळ होतं,
त्याच्या आईनं घातलेलं, भलत्याच पिवळ्या दोऱ्याचं,
आणि उडी घ्यायच्या आधी ती पाठ
किंचित खाली बसायची,
बुटक्या दारातून देवळात शिरताना वाकावं तशी.
चेहरा मी क्वचितच पाहिला.
चेहरा बघायला पुढे असावं लागतं.

सिंधरोटच्या अलीकडे, महीच्या कोतरांत
आमच्या शर्यती व्हायच्या.
आदल्या संध्याकाळी फणसे बूट काढून
अख्खा ट्रॅक अनवाणी चालायचा.
आम्ही हसायचो: निघाले नवापुऱ्याचे महाराज!
तो पायाच्या बोटांनी माती दाबून बघायचा,
कुठे भुसभुशीत, कुठे वरून कोरडी
आणि खालून ओल धरलेली.
सकाळी त्याच वळणावर आम्ही तिघं घसरायचो.
तो नाही.

शाबासकी त्याच्याकडून मिळायची नाही.
एकदाच म्हणाला, "दिघे, तू ब्रेक लवकर लावतोस."
रात्रभर ते वाक्य मी उलटंसुलटं केलं.
टोमणाच होता.
पण ब्रेक मी लवकर लावायचो.

ज्या वर्षी मी टेबलटॉपवर पडलो, गळ्याचं हाड मोडलं,
तो थांबला नाही.
लोक अजून ऐकवतात, दांडिया बाजारात,
सेव-उसळीवर रस्सा ओतता ओतता:
"थांबायला नको होतं का त्यानं?"
थांबला असता तर मागचा त्याच्यावर आदळला असता.
हा हिशेब मी आता करतो. तेव्हा केला नव्हता.
तेव्हा शिव्या दिल्या, चांगल्या वर्षभर पुरतील इतक्या.
संध्याकाळी सयाजी हॉस्पिटलात आला,
अंगावर तोच चिखल. चषक कुठे दिसला नाही.
माझा वाकलेला क्लच लिव्हर
ठोकून सरळ करून आणला होता.
मोसंब्यांशेजारी ठेवला
आणि माझ्या आईला विचारलं, "जेवला का हा?"

सात वेळा राज्यात पहिला, दोनदा देशात,
पण सोडताना हार नाही, भाषण नाही.
आणंदच्या एका पोराला गाडी विकली.
विकण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं,
"तुझं तू भर" म्हणाला,
आणि नोटा मोजल्या, दोनदा.
कंजूष, असं सगळे म्हणाले. मी सगळ्यात मोठ्यानं.
मग दर रविवारी, चार महिने,
तो बसनं वासदला उतरायचा,
त्या पोराचे बूट काढायला लावायचा
आणि दोघं नदीकाठच्या मातीत चालत सुटायचे.

आता मकरपुऱ्याला माझं सुट्या भागांचं दुकान आहे.
तो मोपेडवर येतो, ताशी वीस.
दुपारी दोन वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना,
खारीवावच्या सिग्नलला थांबलेला असतो,
एक पाय जमिनीवर टेकून.
तो पाय टेकलेला मी शर्यतीत कधी पाहिला नव्हता.

गेल्या मंगळवारी दोघं रक्त तपासायला गेलो.
लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
पहिल्या वळणावर तो कठडा धरून उभा राहिला.
गुडघ्यात पट्टी आहे, चार स्क्रूंची.
म्हणाला, "तू हो पुढे."

मी झालो.
समोर नुसत्या पायऱ्या. रिकाम्या.
त्यांचं काय करायचं ते मला कळेना.
कुठे वळायचं, कधी वाकायचं,
आजवर ते ती पाठ सांगायची.
मागून त्याचा श्वास येत होता,
जुन्या टू-स्ट्रोकसारखा,
अडखळत, पण बंद न पडता.
मग आवाज आला:

"दिघे, शर्टाला मागे ऑइलचा डाग आहे.
बऱ्याच दिवसांचा दिसतो."