शून्य आठवडे

"कितवा महिना?" बाकावरची बाई विचारते.
"कुठलाच नाही," मी म्हणते.
ती माझ्या पोटाकडे बघते, मग हॅटकडे,
आणि जरा सरकून बसते,
जणू मी कुणाची तरी जागा अडवलीय.

एल आल्तोच्या या दवाखान्यात
हवा विरळ, रांग दाट.
खिडकीबाहेर केबलकारचे लाल डबे
ला पाझच्या खोलगटात उतरतात भरून,
वर येतात रिकामे.

नर्स डेल्मिरा फॉर्म भरते.
'आठवडे'पाशी तिचं पेन अडतं.
मग ती शून्य काढते,
चांगलं मोठं, बटाट्याएवढं.

मागल्या खेपेला इथं आले तेव्हा एकतिसावा होता.
अंगठी पकडीनं कापून काढली बोटातून.
डोळ्यांपुढे भरदुपारी चांदण्या.
सासू म्हणालेली, शुभ आहे गं,
पोर उजेड घेऊन येतंय.
बाराशे ग्रॅमचं होतं.
नाव ठरलं होतं. हाक मारायची राहिली.

जूनच्या कडाक्यात आमचे आजोबा
पहाटे टेकडी चढायचे कृत्तिका बघायला.
लख्ख दिसल्या तर पेरणी वेळेवर.
धुरकट दिसल्या तर म्हणायचे, थांबा,
यंदा पाऊस मागं राहणार.
बियाणं अजून पोत्यात, नांगर भिंतीला,
आणि म्हातारा आभाळाशी
पुढच्या वर्षाचं बोलून यायचा.

मला कुणी टेकडीवर नेलंच नव्हतं.

पट्टा दंडाला आवळतो, सुटतो.
एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी.
डेल्मिरा 'नको' म्हणत नाही. 'हो'ही नाही.
दाबाची गोळी बदलून देते,
बाळाला चालणारी.
लघवी तपासायला बाटली. कॅल्शियम.
"पाळी चुकली की त्याच आठवड्यात ये.
बाराव्यापासून ॲस्पिरिन, छोटी, रोज रात्री."
"मग होणार नाही ना?"
ती पेनाचं टोपण लावते, काढते.
"कमी होईल भीती. जाणार नाही.
पण या वेळी आपण आधी आलोय."

आपण, म्हणाली ती.

घरी सेवेरो दारातच. "काय म्हणाले?"
"धुरकट," मी म्हणते.
त्याचेही आजोबा टेकडी चढायचे.
तो मान हलवतो, वही काढतो,
पट्टीनं रेघा मारतो: तारीख, वरचा, खालचा.
एक रकाना जास्तीचा पडलाय त्याच्याकडून.
खोडू का, विचारत नाही तो.
मीही सांगत नाही.