छत्रीचं निमित्त

वर्षभर मी छत्री घेऊन हिंडले,
त्रिएस्तेच्या ठणठणीत उन्हातसुद्धा.
बेकरीतला पोरगा विचारायचा, "सिन्योरा नेरीना, आज पाऊस?"
मी म्हणायचे, "समुद्राचं काय सांगावं!"
काळी, लांब दांड्याची, लोखंडी टोकाची छत्री.
उतारावर तिच्यावर भार टाकायचा
आणि चेहरा असा ठेवायचा
की आपला अविश्वास फक्त ढगांवर आहे.

लेकानं ग्रात्सहून पाठवलेली काठी
कपाटामागे उभी होती, वेष्टणासकट.
ती पाहिली की आठवायचा
आईच्या शेवटच्या खोलीतला वास:
मलम, उकडलेले बटाटे, बंद खिडकी.
माझं नाक पक्कं. एकतीस वर्षं बंदरावरच्या गोदामात
कॉफीच्या गोणीत हात घालून सांगितलं मी
कुठल्या दाण्याला बोटीत ओल लागली.
म्हणूनच भ्यायले.
एक दिवस तो वास माझ्याच बाहीला येईल
आणि मलाच कळणार नाही.

मग फेब्रुवारीत बोरा सुटला.
बोरा म्हणजे आमचा वारा, डोंगरावरून थेट अंगावर येतो,
स्कूटरी आडव्या पाडतो,
कचरापेट्यांत मोडक्या छत्र्या साचतात
मेलेल्या वटवाघळांसारख्या.
मला औषध आणायला जायचं होतं.
खरं तर नव्हतं. घरात खिडक्यांचे दात वाजत होते,
ते ऐकवेना.
चौकात छत्री हातात होती,
आणि मग नव्हती.

भिंतीतल्या जुन्या कड्यांतून कुणीतरी दोर ओवला होता.
तो धरून मान वर केली,
तर अख्खं शहर म्हातारं झालेलं.
बँकेतला टायवाला कमरेत वाकलेला,
दोन शाळकरी पोरी एकमेकींना धरून पाय घाशीत,
पोलीस खांबाला मिठी मारून उभा.
प्रत्येकजण पावलागणिक विचार करत होता
आणि लाज कुणालाच वाटत नव्हती.
मागून एक दांडगा मुलगा, कानात डूल, ओरडला,
"आजी, तुम्हाला जमतं कसं?"
म्हटलं, "गुडघे जरा मोडून. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं.
झोत आला की थांब, भांडू नकोस.
ओसरला की चार पावलं चोर."
बोलता बोलता ऐकू आलं मला
मी काय बोलतेय ते.

आता कुणाला वाटेल, भीती त्या दिवशी उडून गेली
छत्रीबरोबर.
छे! रात्री तीनला ती अजून येते,
पलंगाच्या कडेवर बसते पाय हलवत,
विचारते, पडलीस तर? नावं विसरलीस तर?
मी म्हणते, सरक जरा,
माझे पाय गार पडलेत.

जूनमध्ये लिचिया मला समुद्रावर घेऊन गेली.
वय त्र्याऐंशी, पोहायचा पोशाख केशरी.
आमच्या घाटावर एक भिंत पार पाण्यात उतरते,
अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये.
भिंतीला खिळे, खिळ्यांना टॉवेल, टोप्या,
आणि काठ्या, काठ्या, काठ्या:
ऑलिव्हची, अ‍ॅल्युमिनियमची,
एक चांदीच्या बदकमुठीची.
पलीकडे कुणी म्हातारा सूर सोडून गात होता,
बायका त्याला नावं ठेवत होत्या,
त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
टाके घातलेली पोटं, निळ्या शिरांच्या मांड्या,
एकीला एकच स्तन.
कुणी काही झाकत नव्हतं.
मी वास घेतला: मीठ, जर्दाळू, तापलेला दगड,
मलम.
हो, मलमसुद्धा.

मीही अडकवली माझी, ग्रात्सवाली,
किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती.
पायऱ्या सात, शेवटचीवर शेवाळ.
लिचियाचा हात सुटला
आणि पाण्यानं मला उचललं;
गुडघ्यांना काही विचारलंही नाही.

बऱ्याच वेळानं वर आले,
तर माझी काठी कुणीतरी चुकून नेलेली.
खिळ्यावर उरली होती बदकमुठीची.
तीच टेकत घरी आले,
बेकरीसमोरून, मुद्दाम.
उद्या बदलून घेईन.
किंवा बघू.