मोहराच्या माश्या

आठवडाभर मी मालाडच्या इमारतींत झुरळं मारतो.
सिंकखाली जेलचे ठिपके, वाळवीला भिंतीत भोकं,
तीन महिन्यांची गॅरंटी, खाली गिऱ्हाइकाची सही.
रविवारी मार्व्याला बोटीत बसतो.
मनोरीच्या धक्क्यावर उतरेपर्यंत
अंगाचा औषधी वास काही जात नाही,
आणि उर्सुलामामी फाटकातूनच म्हणते,
आला गं बाई मारेकरी.

तिची वाडी म्हणजे सात आंबे, पंधरा चिकू,
विहिरीकाठी एक पपनस,
त्याला ती कुणाला हात लावू देत नाही.

तिनं मला बोर्डो शिकवलं.
मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या,
दोन्ही एकदम तिसरीत ओतायचं, घाई करायची नाही.
मग कोयत्याचं पातं बुडवून धरायचं.
पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला,
तसंच मारशील तर पानं जळतील.
माझ्या कंपनीच्या डब्यांवर कवटी छापलेली असते,
पण असं विचारून बघायची सोय नसते.

तिनं मला खोडाला कान लावायला शिकवलं.
बुंध्याशी ताजा भुसा दिसला
की आत भिरूड जागं आहे.
सायकलच्या स्पोकचा आकडा करून ती ते बाहेर ओढायची,
पांढरं, करंगळीएवढं, लाज वाटल्यासारखं आक्रसलेलं,
आणि कोंबडीपुढे टाकायची.
भोक चिखलानं लिंपून घ्यायची,
वर अंगठ्यानं एक क्रूस काढायची.
तो औषधाचा भाग नव्हता, असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत
आंबे मोहरानं वाकले होते.
खालून चाललं की तुडतुडे तडतड उडायचे,
पानांवर चिकटा, चिकट्यावर काळं.
मामी म्हणाली, थोडं थांब, आधी मोजू.
ती मासला गेली.
मी गोदामातून आणलेली बाटली काढली,
जी एकोणिसाव्या मजल्यावर सुद्धा
एकाच फवाऱ्यात काम संपवते.

संध्याकाळी झाडं एकदम गप्प.
मला वाटलं, झालं.
मी पंप धुतला, हात धुतले,
बोटीत मावळतीकडे तोंड करून बसलो.

मार्चमध्ये मोहराच्या नुसत्या काड्या उरल्या.
सात झाडांना मिळून एकतीस आंबे.
मामी ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं ते एकतीस मोजले,
त्यातले दहा मला पिशवीत भरून दिले,
आणि म्हणाली,
तुडतुडे मेले रे, बरोबर मेले.
पण मोहराला शिवणारं पण कोणी राहिलं नाही.

पुढच्या मोसमात फुलं उमलायच्या आधी
हलकं औषध, ते पण पानं तपासून, एकदाच.
मोहर फुलल्यावर ती धक्क्यावर गेली
आणि हिराबाय कोळणीकडून
न खपलेली, पोट फुटलेली मांदेली घेऊन आली.
जुन्या कांद्याच्या जाळीत भरून
फांदीफांदीला टांगायचं काम माझं.
टोपी, बाह्या, मिशी, सगळ्याला वास.

उन्हं तापली तशा त्या आल्या.
निळ्या, हिरव्या, ढेकळासारख्या काळ्या.
मांदेलीवर बसल्या, मग मोहरावर,
मग परत मांदेलीवर,
पाय चोळत, घरचं लग्न असल्यासारख्या.
ज्यांच्यावर माझं पोट आहे
त्या माश्यांसाठी मी त्या दिवशी
शिडीवर हलायचा सुद्धा थांबलो.
मामी खालून विचारत होती, आल्या का रे?
मी म्हटलं, आल्या.
किती?
मोजता येत नाहीत, मामी.

सोमवारी एकोणिसाव्या मजल्यावर
बाई नाकाला रुमाल लावून दारात उभी.
भैया, हा कसला वास?
मी ओट्याखाली वाकलो, जेलचा एक ठिपका ठेवला.
म्हटलं, औषधाचा.