दोनदा

शहाद्याला, दोंडाईचा रस्त्यावर, पपईच्या गोदामामागे
सुपडू मिस्त्री जीप बाभळीच्या ओंडक्यांवर चढवतो.
विटा चालत नाहीत त्याला. वीट सांगून फुटत नाही.

जीप आधी जंगल खात्याची, मग लिलावात आप्पांची.
दाराचा हिरवा रंग खरवडला
तर खाली अजून एक हिरवा.

उजवी चाकं निघाली. डावीकडे मी पान्यावर उभी राहिले,
सगळं वजन टाकलं. नट हलेना.
तो तंबाखू मळत बघत होता.
"ताई, त्या बाजूना आटा उलटा शे.
तू ते आखो कसी ऱ्हायनी."

(हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.)

ड्रम हातोडीच्या तीन दणक्यांनी सुटला,
जळक्या लायनरचा वास आला
आणि आतून सिलिंडर दिसला, जेमतेम अंगठ्याएवढा.
रबरी टोपी सोलली तर तेलाऐवजी काळा चिखल,
पिस्टन एकीकडे गंजून बसलेला, दुसरीकडे गळणारा.
एवढ्याशा नळीच्या भरवशावर
तोरणमाळचा घाट, नऊ माणसं, दोन बोकड,
आणि एकदा, रात्री, अडलेली बाई.

आप्पांना माहीत होतं.
"पेडल जरा खाली जातं," म्हणायचे,
घरातल्या म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं सांगावं तसं.
उतार दिसण्याआधीच पाय मारायचे, दोनदा.
पहिला वाया. दुसऱ्याला पकड.
पुढे पुढे खुर्चीत बातम्या ऐकतानाही
उजवं पाऊल फरशीवर, दोनदा.
आई आतून विचारायची,
"उतरला का घाट?"

धुळ्याहून चार सिलिंडर आणले होते. पुढचे मोठे, मागचे लहान.
मिस्त्रीनं ब्रेक ऑइलमध्ये बोट बुडवलं
आणि एकेका रबरी वाटीला लावलं,
तान्ह्याची टाळू भरावी इतक्या हलक्या हातानं.
मी ग्रीसचा डबा पुढे केला तर
असा बघितला, जसं काही मी दुधात मीठ टाकतेय.

मग मी स्टिअरिंगमागे,
तो मागच्या डाव्या चाकाशी पालथा.
निपलला नळी, नळीचं टोक लोणच्याच्या बरणीत.

"दाब."
"धरी ठेव."
"सोड."

"दाब."
"धरी ठेव."

पान्याची किरकिर. बरणीत बुडबुडे, असं तो म्हणतो,
मला दिसत नाहीत.
मला नुसता त्याचा आवाज,
त्याला नुसता माझा पाय.
लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी,
ऊन पत्र्यावरून उतरून माझ्या मांडीवर आलं,
पोटरीला गोळा आला, आणि कधीतरी
पेडल खाली जायचंच थांबलं.
पायाखाली कुणीतरी जागं झाल्यासारखं.

शू जुळवायला मात्र त्यानं मलाच बसवलं.
बोल्ट फिरव, चाक फिरव, लायनर घासेपर्यंत.
मग जरासा मागे.
"जरासा म्हणजे किती?"
"आवाज बंद व्हस तठलोंग."
त्यानं कान ड्रमला लावला, डोळे मिटले.
मी चाक फिरवत राहिले,
सूं, सूं, सू,
आणि मग नुसतं फिरणं.
तिसऱ्या चाकाला मी त्याला विचारलं नाही.

सारंगखेड्याच्या पुलाकडे उतरताना
माझा पाय आपोआप दोनदा गेला.
पहिल्यालाच जीप उभी.
दुसऱ्याला मिस्त्रीचं कपाळ काचेवर,
तंबाखूची डबी कुठे गेली ती अजून सापडलेली नाही.
त्यानं एक अस्सल शिवी दिली,
मग टेंगूळ चोळत म्हणाला, "बेस धरस."

घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर खाटेवर होते.
जीप बरोबर पायरीशी आणून थांबवली,
मुद्दाम, थोडी जोरात.
"चारही नवे टाकले, आप्पा. आता एकदाच पुरतं."
त्यांनी मान हलवली. बरं, म्हणाले.

चादरीखाली पाऊल हललं.
मी किल्ली काढता काढता थांबले.

मग पुन्हा हललं.