घसारा

प्रश्न चौदावा: संस्थेची मालमत्ता.
आम्ही लिहिलं, घोडे तीन.
पत्र्याची पेटी एक, कुलूप बिघडलेलं.
औषधांच्या पिशव्या नाहीत,
उशांचे अभ्रे आहेत,
खोगिराला बसतील असे शिवलेले.

मापालेसांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"घोड्यांची वयं?"

सेफेफोचं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.
नाव त्याचं वादळ.
आणि आता चढावर दर वळणाला थांबून
तो मागे दरीकडे बघत राहतो,
काहीतरी विसरून आल्यासारखा.

"मग घसारा लावावा लागेल," त्या म्हणाल्या.

मोखोत्लोंगच्या वर जिथे रस्ता संपतो
तिथून हा-लेत्सिका सात तास.
जूनमध्ये बर्फ पडला की किती, ते विचारू नये.
क्षयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या
खाउहेलो घोंगडीच्या आत, पोटाशी धरून न्यायची.
एवढीच आमची संस्था.
नाव नंतर ठेवलं, अर्जात रकाना होता म्हणून.

पहिला अर्ज परत आला: खेद वाटतो.
दुसऱ्याला उत्तरच नाही.
तिसऱ्याला साठ हजार मलोती, दोन वर्षांत मिळून,
आणि एक अट:
दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
मासेरूहून एक बाई येतील.

पैसे कशाला ते कळत होतं.
बाई कशाला?

पोस्टाच्या बचत बँकेतून निवृत्त झालेल्या.
टॅक्सीत दिवस घालवून उतरल्या,
डब्यात स्वतःची भाकरी.
घोडे पाहिले नाहीत, डोंगरही नाही.
"पावत्या दाखवा," म्हणाल्या.

आता गवतवाला म्हातारा लेबेको
गवत देतो, पावती कुठली देणार?
त्यांनी वहीचं पान फाडून व्हाउचर आखलं,
त्याचा अंगठा शाईत बुडवला, टेकवला.
उठला नुसता निळा डाग.
साठ वर्षं विळा धरून
रेषा पुसून गेलेल्या.
घसारा, मी मनात म्हटलं.

लेबेकोनं पेन मागून घेतलं
आणि काढलं एक वाकडं कानाचं चित्र,
टोकाशी दोन खाचा:
त्याच्या गुरांच्या कानावर असतात तशा.
हे खोटं कोण करेल, तो म्हणाला.
मापालेसा बराच वेळ बघत राहिल्या.
मग खाली लिहिलं: "खूण ओळखीची. लिनेओ, साक्षीदार."
ती मी.

त्यांचंही चुकलं.
त्यांच्या आग्रहानं लॅपटॉप घेतला;
वीज आठवड्यातून दोनदा, ती पण रात्री.
अहवाल लिहिताना मी ते वाक्य गाळलं होतं.
त्यांनी परत घातलं,
स्वतःच्या नावासकट.
मला वाटतं, त्या दिवसापासून
आम्ही त्यांना गुरुवारच्या आधीही फोन करू लागलो.

तीन गावांची आठ झाली.
एक तरणी घोडी आली, लाथा मारणारी.
खाउहेलोला पगार सुरू झाला,
आणि खर्चाच्या बाजूला स्वतःचं नाव बघून
ती लाजली,
"एवढी महाग आहे होय मी?"
कुलूप अजून तेच आहे.
त्यासाठी रकाना सापडला नाही.

दोन वर्षं संपली, साठ हजार संपले.
पुढचा अर्ज मी एकटीनं लिहिला,
प्रश्न चौदावर अडले, फोन केला.
सेफेफो आता चढत नाही.
त्याची किंमत शून्य लिहू का?

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग त्या म्हणाल्या, "शून्य नाही.
वापरून झालेल्या वस्तूलाही वहीत एक लोटी ठेवायची.
नाहीतर ती होती
हे पुढच्या माणसाला कळणार कसं?"

म्हणून आमच्या ताळेबंदात
एक लोटीचा घोडा आहे.
महिन्याला चाळीस लोटींचं गवत खातो.
पावती जोडली आहे:
कान एक, खाचा दोन.