चाळीस मिनिटं

सेतूबालच्या बंदरामागे
सार्डिनच्या बंद पडलेल्या कारखान्यात
आता हॉटेलांच्या चादरी धुतात.
मासळीचा वास भिंतीत मुरलेला,
हवा दमट झाली की बाहेर येतो.
आन्सेल्मु दर वेळी सांगतो : आला.
बाकी कुणाच्या नाकाला पत्ता नसतो.

मी समोरच्या माडीवर भाड्याने राहते.
इथली भाषा मला येत नाही,
पण साबण येतो, बादली येते, चावी येते, इस्त्री येते.
कधीकाळी जहाजांतून आमच्या किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द
परत गेलेच नाहीत.
त्यांच्या भांडवलावर माझं ओदेतशी बोलणं चालतं.

ओदेतने तीस वर्षं परक्यांचे पलंग आवरले.
तिचा भाऊ बेल्मीरू तोवर
खिडकीतून बसचे नंबर मोजत पन्नाशीला टेकला.
म्हणून ही लाँड्री.
याहून जास्त ती सांगत नाही, साबणाचा भाव सांगते.

आन्सेल्मु नऊ मुलाखती देऊन इथे आला.
एकीत विचारलं होतं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस?
तो म्हणाला, आरशात.
ओदेतने काहीच विचारलं नाही.
चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं,
दुसरं स्वतः धरलं,
आणि दोघं एकमेकांकडे चालत आले.

ट्यूबलाइट उतरवल्या, त्या गुणगुणतात म्हणून.
चार नंबरच्या मशीनचा आवाज
मंगळवारी आन्सेल्मुला किंचित उतरलेला वाटला,
शुक्रवारी तिचं बेअरिंग गेलं.
आता मेकॅनिक आधी त्याला विचारतो.

पण लगेच देव्हारा मांडू नका.
बेल्मीरूला कसलाच सूर कळत नाही.
तो नॅपकिनांच्या घड्या घालतो, सावकाश, थोड्या वाकड्या,
अकराच्या ठोक्याला पाव खातो.
तासाचा दर त्यालाही तोच.

हॉटेलचा मॅनेजर म्हणाला,
पुण्याचं काम करता, मग दर कमी का नाही?
ओदेत म्हणाली,
चादर पुण्याईने पांढरी होत नाही.
ते हॉटेल गेलं.
तो हिवाळा कठीण गेला, दोन मशीनं झाकून ठेवली.

ऑक्टोबरात एका जहाजाचा भोंगा अडकला.
वाजतच राहिला.
आन्सेल्मु रॅकांच्या मधल्या फटीत शिरला,
डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसला.
कुणी हाक मारली नाही.
बेल्मीरू गेला, जमिनीवर अर्धा पाव ठेवला,
तीन पावलं मागे ठेवला, आणि परतला.

भोंगा थांबल्यावरही बराच वेळ गेला.
मग आन्सेल्मु उठला, हात धुतले,
हजेरीच्या वहीत लिहिलं :
चाळीस मिनिटं. काम नाही.
ओदेतने शेजारी लिहिलं : विश्रांती, भरपगारी.
त्याने ते खोडलं.
विश्रांती पंधरा मिनिटांची असते, भिंतीवर लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा कागद :
विश्रांती लागेल तेवढी.
तो कागदापुढे उभा राहिला, चष्मा पुसला,
म्हणाला, म्हणजे किती?

ओदेतला अजून आकडा सापडलेला नाही.
दर महिनाअखेर दोघं वही उघडून भांडतात.

पगार हाही इथूनच आलेला शब्द.
आमच्याकडे तो एक तारखेला उगवतो,
इथे त्याचं क्रियापद आहे : देणं चुकतं करणं.
आन्सेल्मुच्या आईने, ग्रासिएतने, मला कॉफीला बोलावलं,
विजेचं बिल दाखवलं, त्यावरचं नाव दाखवलं,
आणि म्हणाली तोच शब्द.
मला अर्थ विचारावा लागला नाही.

बिल त्याच्या नावावर झाल्यापासून
तो घरभर फिरून दिवे मालवतो,
एकेक खोली, शिस्तीत.
ती बसलेली असते त्या खोलीचाही.
एकाहत्तर वर्षांची ग्रासिएत
अंधारात विणकाम मांडीवर घेऊन बसून राहते,
त्याला हाक मारत नाही.