मेणाचा अंगरखा

सोहारच्या तपासणी केंद्रात सकाळी सहालाच
बंदरावरची बस येऊन उभी राहते.
शर्ट काढा, हनुवटी इथे, श्वास रोखा.
दिवसाला दोनशे छात्या.
मी आतल्या खोलीत थुंकी रंगवते.

आधी गुलाबी रंग, खालून आच, मग आम्ल.
बाकीचे जंतू आम्लात फिके पडतात.
हा नाही पडत.
ह्याच्या अंगात मेणाचा अंगरखा.
पहाऱ्यावरची पेशी ह्याला गिळते, अख्खा,
आणि मग तिचं काही चालत नाही,
पोटातली आम्लाची पिशवी ह्याच्यापर्यंत पोचू लागली
की हा तिला वाटेतच थोपवून धरतो.
ठेवला तर पचेना, सोडला तर पसरेल.
मग ती हाका मारते.
दुसऱ्या येतात, त्यांच्याभोवती तिसऱ्या,
खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात.
एक मेली की तिच्याच जागी दुसरी.
मधलं मांस खरवसासारखं होतं,
पुढे त्यावर चुना धरतो.
आत हा.
मुळात वीस तासांतून एकदा दुभंगणारा आळशी,
आता तेवढंही करत नाही.

मुश्ताक चोगले, दाभोळ. वेल्डर. नऊ वर्षं इथे.
थुंकी तीनदा तपासली, काही नाही.
फिल्मवर मात्र उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला
तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.
जुन्या फिल्मा काढल्या.
तिथेही होता. कुणी पाहिला नव्हता.

फॉर्मवर दोनच चौकटी असतात.
'पहारा चोख आहे' अशी तिसरी नाही.
गुरुवारचं तिकीट कंपनी काढणार.

उपमा द्यायची नाही असं मी ठरवलं होतं,
कॅम्प, कुंपण, एका खोलीत आठ खाटा वगैरे.
माणूस म्हणजे जंतू नव्हे.
आणि नोकरीला लागताना माझ्याच हातावर
सुईच्या जागी सतरा मिलिमीटरची गाठ उठली होती.
मला गोळ्या दिल्या, आणि पांढरा कोट.

तो बाहेरच्या बाकावर, मांडीवर हेल्मेट.
"फुफीला होता खोकला," म्हणाला,
"मी तिच्याच कुशीत निजायचो.
शालेत जायच्या आधीची गोष्ट."
म्हणजे चाळीस वर्षं झाली त्या पहाऱ्याला.
हे मी त्याला सांगितलं. ते माझं काम नव्हतं.

"नि तो? जिता हाय अजून?"
माहीत नाही, म्हटलं. झोपलेला असावा.
त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिलं,
दुपारच्या वेळी कुणाच्या दाराशी थबकावं तसं.
"मग हलू बोल, बाय."

बाहेर बसवाला हॉर्न देत होता.